बाक वाजलं नाही

"माझ्या वडिलांना तुम्हीच हाकललंत, आणि आता त्यांचा पुतळा बसवताय?"

जर्मन विद्यापीठाच्या त्या सभागृहात एल्फ्रीडेचा आवाज चढला. तिचे वडील क्वांटम भौतिकीचा पाया घालणाऱ्यांतले एक, असं कुलगुरूंनी नुकतंच सांगितलं होतं, आणि सगळे बाकांवर बोटांची पेरं आपटत होते. तिथे व्याख्यानाला टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात.

"पुरे करा ते! ज्यू म्हणून नोकरीवरून काढलंत, तरी त्यांनी इथे शेवटचा तास घेतला. मी लहान होते, त्यांचा कोट धरून दारात उभी होते. शिकवून झालं आणि बाबा हातात खडू धरून थांबले. एकही बाक वाजलं नाही."

"बाई, काळच तसा होता," कुलगुरू पुटपुटले.

"काळाला कशाला मध्ये घेता, साहेब? पहिल्या रांगेत तुम्ही बसला होतात. तुमचे हात खिशात होते, मी पाहिलेत. परदेशात मरेपर्यंत बाबा मला विचारायचे, 'तो तास वाईट झाला होता का गं?' आता परत गेल्यावर त्यांच्या थडग्यापाशी काय सांगू? बोला!"