तिची साक्ष

"आज तुझी पाळी," ताई म्हणाली आणि सगळ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या.

रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत तरुण मंडळ जमायचं. चौदा-पंधरा मुलंमुली, गोल मांडलेल्या खुर्च्या. ताई त्यांची पुढारी. दर रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायचं, देवानं मला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं. गिटारवाली मुलगी मोठ्या अपघातातून वाचली होती. उंच मुलाचा भाऊ घर सोडून गेला होता, तो सात महिन्यांनी परत आला होता. सांगताना मुलं रडायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची आणि त्या दिवसापासून एकमेकांची होऊन जायची.

ती पंधरा वर्षांची. वर्षभर येत होती, पण तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. मागे दोनदा उभी राहिली, "देव चांगला आहे" एवढंच म्हणून खाली बसली.

"हिला साधा तापसुद्धा येत नाही," उंच मुलगा म्हणाला होता. "देवाला हिच्याकडे कामच नाही काही!"

सगळे हसले. तीही हसली. पुढे सगळे सहलीला गेले, तेव्हा तिला सांगायचं राहूनच गेलं. "अगं, आम्हाला वाटलं कुणीतरी सांगितलं असेल."

घरही तसंच सरळ. पप्पा शाळेची बस चालवायचे. पाचला उठायचे, नवाला झोपायचे. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा प्याला आला की पित्त होतं म्हणून पुढे सरकवायचे. रागावले तरी आवाज चढायचा नाही. आई घरी शिवणकाम करायची. असल्या घरातून साक्ष काढायची तरी कशी? दगड पिळून पाणी निघतं का?

त्या रविवारी ती उभी राहिली आणि तोंडातून निघून गेलं, "माझे पप्पा दारू प्यायचे."

खोली चिडीचूप झाली. आजवर तिच्यासाठी असं कुणी शांत झालं नव्हतं. मग तिला थांबता येईना. पप्पांनी एकदा आईला घराबाहेर काढलं. आई तिला मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहिली, उजाडेपर्यंत दार उघडलं नाही. आई प्रार्थना करत राहिली, शेवटी पप्पांची दारू सुटली. जिना कुठून सुचला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

गिटारवाली उठली आणि तिला घट्ट धरून उभी राहिली.

"माफ कर हं," उंच मुलगा म्हणाला. "तू कधी बोललीच नाहीस."

पुढच्या रविवारी गिटारवालीनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून तिची जागा धरली होती. ती जाऊन बसली. रात्री अंथरुणात मात्र तिला पप्पांच्या बाजूला तोंड करून झोपवेना.

तीन आठवड्यांनी ताईनं तिला बाजूला घेतलं. "तुझ्या पप्पांनी मोठ्या उपासनेत साक्ष द्यावी, असं वाटतं आम्हाला. आज संध्याकाळी विचारायला येतो."

"नको ताई. त्यांना नाही आवडायचं."

"विचारायला काय हरकत आहे गं?"

दुपारभर ती पप्पांना सांगून टाकू म्हणत होती. जीभ उचलली नाही. सांगावं तर मंडळ सुटणार. न सांगावं तर पप्पांचं नाव जाणार. उंच मुलाची धाकटी बहीण त्यांच्याच बसनं शाळेत जायची.

संध्याकाळी ताई, उंच मुलगा आणि गिटारवाली असे तिघं आले. पप्पांनी खुर्च्या पुसून दिल्या, आई मशीनवर शिवत होती. ताईनं ऐकलेलं सगळं मऊ आवाजात सांगितलं. मशीन थांबलं.

पप्पांनी मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पप्पा, मी..."

"थांब," ते म्हणाले. मग ताईकडे वळले. "खरं आहे. प्यायचो मी."

उंच मुलानं इकडेतिकडे बघितलं. "पण काका, तुमचं घर तर तळमजल्यावर. जिना कुठला?"



"तेव्हा दुसरीकडे राहायचो. तिसऱ्या मजल्यावर," पप्पा म्हणाले. "जिन्यात दिवा नव्हता."

किती सहज जोडून दिलं त्यांनी! बसला पाच मिनिटं उशीर झाला तरी खरं कारण सांगणारा माणूस.

"मग चर्चमध्ये सांगाल, काका?"

"सांगेन. पण आधी शाळेत सांगतो. लोकांची लेकरं असतात माझ्या बसमध्ये."

उंच मुलगा खाली बघत राहिला.

निघताना गिटारवालीनं तिचा हात दाबला. "रविवारी लवकर ये." तिघं गेले. पप्पा बादली घेऊन बस धुवायला बाहेर गेले.

ती आईजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

"आई, मी खोटं बोलले गं. सगळं मनानं रचलं. त्यांनी मला आपलं म्हणावं म्हणून. आणि पप्पांनी ते माझ्यासाठी अंगावर घेतलं. शाळेत नका सांगू म्हणावं त्यांना. नोकरी जाईल."

आईनं मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं.

"सव्वा वर्षाची होतीस तू," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तुला काही आठवत नसेल."