आपण जाणार

"बेन, पप्पा ने तमे बाजुबाजुमां ज बेसशो ने? बारीवाळी सीट कोने आपुं?" बडोद्यातल्याच ट्रॅव्हल एजंटचा फोन होता. बापलेकीत खिडकीची जागा कोणाला द्यायची, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"पप्पा नथी आवता, हुं एकली ज जाउं छुं," मोहना म्हणाली. ती तर एकटीच जाणार होती.

एजंट हसला. कर्णिकसाहेब स्वतः येऊन दोन तिकिटं करून गेलेत म्हणाला. अमेरिकेची, एकाच विमानाची. मोहनानं फोन ठेवला आणि तिथंच, फोनच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.

तिच्या वडिलांना, रमाकांत कर्णिकांना, 'आपण' म्हणायची सवय होती. तशी ती सगळ्याच मराठी आईबापांना असते. 'आपण दूध प्यायलो का?' म्हणजे दूध मुलानं प्यायचं असतं, आणि 'आपल्याला गणितात कमी पडले' म्हणजे बोलणी मुलानं खायची असतात. रमाकांत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मोहना त्यांची एकुलती एक. त्यामुळे बडोद्याच्या समा भागातल्या त्या घरात 'आपण' जरा जास्तच चालायचं. मोहना लहानपणापासून त्याचा अर्थ 'तू' असाच लावत आली होती.

बारावीनंतर तिला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक होती शहराएवढी मोठी युनिव्हर्सिटी, आणि मोहनाला तिथंच जायचं होतं. कोणी म्हणजे कोणीच ओळखत नाही अशा ठिकाणी एकदा राहून बघायची तिला भारी हौस होती. समात दूधवाल्यालासुद्धा तिचे मार्क पाठ होते. दुसरं होतं एका गावातलं छोटं कॉलेज. बडोद्यात त्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. युनिव्हर्सिटी सोडून कॉलेजात जाते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी तर, "काही अडचण आली का गं?" असं हळूच विचारलं.

पण रमाकांत हटून बसले. "आपण पहिल्या चार वर्षांचा विचारच करायचा नाही. आपण पीएचडीचा विचार करायचा. मोठ्या ठिकाणी पाचशे पोरं एका हॉलमध्ये बसतात, प्रोफेसरला आपलं नाव तरी माहीत असेल का? छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये घेतात. उद्या आपली शिफारस करणारा माणूस आपल्याला ओळखणारा हवा."

मुद्दा बिनतोड होता. मोहना रडली, जेवली नाही, आणि शेवटी तिनं पटवून घेतलं. फतेगंजच्या सायबर कॅफेत जाऊन तिनं आपल्या हातानं मोठ्या युनिव्हर्सिटीला नकार कळवला. घरी आली तेव्हा बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्यासाठीच ते भरून आलेत, असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी रमाकांतांनी स्कूटर स्टँडवर चढवली, तर मोहना दारात उभी.

"बाबा, दुसरं तिकीट कोणाचं?"

रमाकांत दचकले नाहीत. लाजले. एवढा मोठा माणूस चक्क लाजला. "तुला सरप्राइज द्यायचं होतं गं. अविनाश, माझ्याबरोबर एमएस्सीला होता बघ, तो त्याच कॉलेजात प्रोफेसर आहे. त्यानं मला लॅबमध्ये घेतलंय. मुंबईला आपण तुझ्या व्हिसासाठी गेलो होतो ना? तुला आत्याकडे ठेवून मी दुसऱ्या दिवशी माझाही करून आलो. चार वर्षांनी आपण दोघंही पीएचडीला अर्ज करू. माझी राहूनच गेली ना."

"आणि ती युनिव्हर्सिटी? ती का नको होती?"

"तिथं माझं कोण होतं?" रमाकांत बोलून गेले. मग घाईघाईनं म्हणाले, "तुझंही यात भलंच आहे, मोहना. मी सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नाही."

तेच तर तिला सहन होत नव्हतं. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. खरं सांगून सांगून बाबांनी तिच्याच हातून तिची युनिव्हर्सिटी सोडवली होती, आणि तिनं वर त्यांचे आभार मानले होते.

"तुम्ही मला फसवलंत, बाबा."

"फसवलं कुठं?" रमाकांत खरोखरच दुखावले. "मी पहिल्यापासून 'आपण'च म्हणतोय!"

तेवढ्यात ओले हात पदराला पुसत तिची आई, पूर्णिमा, स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाई मराठी शाळेत शिकवायच्या, आणि घरातल्या वादात सहसा पडायच्या नाहीत. ही तरी आपल्या बाजूची असेल, म्हणून मोहना तिच्याकडे वळली.

"आई, तुला माहीत होतं हे?"

"होतं की," आई म्हणाली. "वर्षभर घरात 'आपण जाणार, आपण जाणार' चाललंय, मला काय ऐकू येत नाही? शाळेचा राजीनामासुद्धा देऊन आले मी सोमवारी."

रमाकांतांचा हात स्कूटरच्या किल्लीवरच राहिला. पूर्णिमानं त्यांच्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "अहो, माझ्या व्हिसासाठी मुंबईला कधी जायचं?"