भिंतीकडची जागा

कापड बघायच्या निमित्ताने सुपरवायझर मागून येऊन अंगचटीला येतो, अशी तक्रार शिवणखात्यातल्या पोरींनी लिहून काढली. काजाबटणवाल्या मावशींनी मात्र सही करायला साफ नकार दिला.

"तीस वर्षांत असले चार सुपरवायझर पाहिले मी. आपण नीट राहिलं की कुणाची टाप आहे बोट लावायची?"

सगळ्यांत धाकटीचं डोकंच फिरलं. "मग मावशी, खिडकीतला उजेड सोडून तीस वर्षं त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून का बसलात?"

मावशींनी जाड भिंगांचा चष्मा काढला. कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

"आण तो कागद," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेव. मला आता दिसत नाही."