धोंडबाचं मेडिकल

"असं नाही बाबा. पोटातून खोका," राजदीप म्हणाला.

धोंडबा पुन्हा खोकला. पाहुण्यांच्या घरी शिरताना माणूस खाकरतो, तेवढाच आवाज निघाला. पोळ्या लाटणाऱ्या पंचफुलाला हसू आवरेना. उद्या सकाळी मेडिकल बोर्ड, आणि नवऱ्याला धड खोकताही येत नव्हतं.

भिलईत मेडिकल हा शब्द कुठंही चालतो. औषधाचं दुकान म्हणजे मेडिकल. शेजारची पोरगी जे शिकायला रायपूरला गेली, तेही मेडिकल. बिमारीची रजा म्हणजेही मेडिकल. ती टाकून लोक साळीचं लग्न उरकतात आणि कामावर परतले की तोंड वर करून सांगतात, मेडिकलवर होतो. पण कामगाराच्या पोटात गोळा आणणारं मेडिकल एकच. कारखान्याच्या डॉक्टरसमोर उभं राहायचं आणि त्यानं फिट की अनफिट ते ठरवायचं. अनफिट ठरला की नोकरी गेली, त्यामागोमाग क्वार्टरही गेलं.

आता मात्र या घराला अनफिटच हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या सुमेधनं वाट दाखवली होती. बोर्डानं बापाला अनफिट ठरवलं, तर त्याच्या जागी पोराला घेतात. राजदीप आयटीआय करून ठेकेदाराच्या हाताखाली आज काम, उद्या घरी असे दिवस काढत होता. हे वर्ष सरलं की भरतीच्या वयातून तो बाहेर पडणार होता. दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

अडचण एवढीच की बाप होता ठणठणीत. कारखान्यातल्या सगळ्यात धुळीच्या खात्यात त्यानं नोकरी काढली आणि एकदाही मेडिकल टाकलं नाही. खात्यातले लोक त्याला पहिलवान म्हणायचे. दर वर्षीच्या वरवरच्या तपासणीत तो फिट. तऱ्हेवाईक मात्र भारी. क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून कुणाची ना कुणाची चौकशी करायचा. पंचफुला वर येऊन भात चढवायची तरी याच्या गप्पा खालीच चाललेल्या असायच्या. घरात कोंदट वाटतं म्हणून थंडीतही बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या बसल्या झोपायचा. भाजी कोपऱ्यावर मिळत असताना लांब पावर हाउसच्या बाजारात जायचा, तेही एकटा. म्हाताऱ्या माणसाचे चोचले म्हणून घरानं ते कधीच सोडून दिलं होतं.

राजदीपनं त्याला जिना चढताना धापा कशा टाकायच्या ते करून दाखवलं. छातीवर हात कुठं ठेवायचा ते सांगितलं. धोंडबा सगळं ऐकत राहिला, पण त्याच्याकडून काही जमेना. शेवटी पंचफुलाच लाटणं ठेवून मधे पडली.

"दर रविवारी विहारात खोटं बोलणार नाही म्हणतो आपण," ती म्हणाली. "अन् आता बोर्डासमोर खोटं खोकाचं?"

राजदीप चिडला. विहारानं नोकरी दिली असती तर त्यानं बापाला खोकायला लावलं नसतं, असं तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. धोंडबानं दोघांना हातानं थांबवलं.

"बोर्डासमोर मी काही खोटं करणार नाही," तो म्हणाला. "पण येतो मी. सकायी जाऊ."

म्हणजे संपलंच, असं राजदीपला वाटलं. तो न जेवता झोपला.

सकाळी बापलेक दवाखान्यात गेले. धोंडबाला आत बोलावलं. बाहेर बाकावर बसून राजदीप ठेकेदाराला फोन करावा का, याचा विचार करत होता. बराच वेळ गेला. मग डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, यांना हे कधीपासून आहे? घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? फुप्फुसं पार गेलीत. काम तर बंदच, आजच भरती करावं लागेल.

राजदीपनं मान खाली घातली, चेहरा होईल तेवढा पाडला. आतून तो नाचत होता. बाप असा काही खेळ करील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला, काम झालं म्हणून सांगितलं आणि पेढे आणायला लावले.

वॉर्डात धोंडबा खाटेच्या कडेला बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढं, खांदे वरखाली होत होते. नर्स दुसऱ्या खाटेकडं गेल्याचं पाहून राजदीप त्याच्या कानाशी वाकला.

"मान गये, बाबा. आता बस करा, इथं कोणी नाही पाहून राहिलं," तो म्हणाला. "काल तं तुमाले खोकता बी येत नव्हतं. एवढं नाटक जमलं कसं?"

धोंडबानं पँटच्या खिशातून दम्याचा छोटा पंप काढला. न बघता झाकण उडवलं, तोंडाला लावून ओढला, श्वास धरून ठेवला. पुन्हा एकदा ओढला. विडी ओढणाऱ्याचा हात चालावा तसा त्याचा हात चालला. राजदीपचं हसू ओठांवरच राहिलं. दम जरा खाली बसेपर्यंत धोंडबा थांबला. मग त्यानं पोराच्या हातावर हात ठेवला.

"नाटक तं मी तू शाळेत होता तवापासून करून राहिलो होतो, बेटा," तो म्हणाला. "आज बंद केलं."