नळाचं पाणी

जमिनीत दाबाने रसायनं सोडून गॅस काढणाऱ्या कंपनीत तिचा लेक मोठा साहेब होता. तिच्या गावातल्या सभेत लोकांनी त्याला धारेवर धरलं. "खाली काय काय सोडता, त्याची यादी द्या!"

"यादी कंपनीचं गुपित आहे," तो म्हणाला. "पण पाण्याला काही झालेलं नाही. माझी सख्खी आई हेच पिते. विचारा तिला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. लेकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून ती तरातरा उठली, कोपऱ्यातल्या नळाखाली पेला भरला आणि सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. हातावरचे चट्टे दाखवायला आलेली शेजारीणही मग मुकाट्याने बाही खाली ओढून बसली.

सभेनंतर लेक, सून आणि नात तिच्याकडेच जेवायला आले. तिने नातीपुढे पाणी ठेवलं. नातीने ते बाजूला सरकवलं आणि पिशवीतून बाटली काढली.

"बाबांनी सांगितलंय, इथे आपल्या बाटलीतलंच प्यायचं."

तिने लेकाकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. त्याच्या ताटाशी बाटली होती. सुनेच्या ताटाशीही होती.

"आजी," नातीने विचारलं, "तुझी बाटली कुठंय?"