गोडाचा करार

दातांच्या डॉक्टरने आज पहिल्यांदाच स्वतःच्या आईला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. दिव्याखाली तिचं तोंड पाहिलं आणि तो थक्कच झाला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बत्तीशी शाबूत, एकही दात किडलेला नाही!

"आई, करतेस तरी काय तू?"

"काही नाही रे. जेवल्यावर मीठपाण्याच्या गुळण्या, रोज एक कच्चं गाजर. आणि गोडाला शिवत नाही."

"गोड तर तुझा जीव की प्राण!"

"आहेच. तू सहा वर्षांचा असताना तुझी दाढ किडली. 'तू सोडलंस तरच मी गोड सोडेन,' म्हणून अडून बसलास. तू सांगशील त्या दिवशी दोघांनी परत सुरू करायचं, असं ठरलं होतं आपलं."

टेबलावर डॉक्टरचा अर्धा खाल्लेला केक होता.

"तू काही अजून सांगितलं नाहीस."