रुमालाची घडी

सांगलीच्या स्थानकावर माघातले सकाळचे ऊन फार सावकाश उतरत होते. आधी ते आगाराच्या पत्र्यावर थबकले, मग पाण्याच्या टाकीवरून घसरत साताऱ्याच्या गाडीपाशी आले. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने ओढलेल्या रेघा त्याने उजळल्या आणि डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर ते स्वस्थ पसरले. फाटल्या रेक्झिनमधून डोकावणारा काथ्यासुद्धा त्यात क्षणभर मऊ दिसला. दोन माणसांच्या त्या बाकावर, त्या उन्हात, एक हिरवा लष्करी रुमाल होता.

अजितकुमारला ते ऊन हवे होते. साताऱ्याच्या शाळेत तो नुकताच शिक्षक म्हणून लागला होता. परक्या गावी जाताना निदान ओळखीचा उजेड सोबतीला असावा, असे त्याला वाटले. रुमाल जरा विस्कटलेला दिसला, म्हणून त्याने त्याची नीट घडी केली, ती बाकाच्या बाहेरच्या अर्ध्यावर ठेवली आणि तो खिडकीपाशी बसला.

गाडी भरत आली तेव्हा, काळी पेटी टपावर चढवून, एक जवान आत शिरला. मागून डोईवर पदर घेतलेली त्याची बायको आली. बाकापाशी येताच तो थांबला.

"साहेब, ह्यो रुमाल मी खिडकीतनं टाकला हुता. दोन जागा धरल्या हुत्या."

"एकाच जागेवर होता," अजितकुमार म्हणाला. उत्तर त्याच्या अपेक्षेहून लवकर बाहेर पडले.

जवानाने घडी उचलून पाहिली. "मग माजंच चुकलं. घाईत नीट पडला नसंल." त्याने मान खाजवली. "मागच्या बाकावर एक जागा हाय. तुमी तिथं बसला आसता तर… न्हाई म्हंजे, आमची मंडळी हाय संगं."

"मला खिडकी लागते."

पलीकडच्या बाकावर जवानाच्याच गावचे आप्पासो बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "आरं नाथाजी, लढाईवर एकटा जातुयास, अन् कराडपतूर बायकूबिगर बसवंना व्हय? चालत्या गाडीतनं काय पळून जाती व्हय ती?"

सगळी गाडी हसली. नाथाजी कानापर्यंत लाल झाला. बायको पुढे गेली आणि बायकांच्या बाकावर एका म्हातारीशेजारी बसली. नाथाजी रुमालाच्या जागेवर, अजितकुमारला धक्का लागू नये इतके अंग चोरून बसला.

गाडी स्थानकाबाहेर पडून वळली, आणि ऊन आप्पासोंच्या बाकावर गेले.

आष्टा मागे पडले. पुढून, बायकोकडून, हातोहात एक पुरचुंडी आली. नाथाजीने ती सोडली आणि शेंगदाण्याच्या दोन लाडवांतला एक अजितकुमारच्या हातावर ठेवला. "घ्या, साहेब. लाजू नगासा."

अजितकुमारने तो मुठीत धरला.

इस्लामपूरला आप्पासो उतरले, तेव्हा नाथाजी जरा सैल झाला. बायकांच्या बाकावरच्या त्या पदराखालच्या अंबाड्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

"दोन म्हैनं रजा हुती," तो हळूच म्हणाला. "पर घर म्हंजे जत्रा हो. सतरा माणसं, त्यात उसाची तोड. दिसा तिच्याशी बोलाय जावं तर पोरं दात काढत्यात. पत्रात लिवावं, तर थोरला भाऊ सोप्यात बसून समद्यांस्नी मोठ्यानं वाचून दावतो." तो स्वतःशीच हसला. "म्हनून ठरलं हुतं आमचं. ती म्हायेराला चाललीया, कराडच्या अलीकडं, मलकापूरला. तवर काय बोलायचं त्ये गाडीत बोलू. गाडीत कोण इचारतंय?"

अजितकुमारने मागे वळून पाहिले. मागच्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या. नुसते उठायचे होते. नेर्ले आले की उठू, असे त्याने ठरवले. मग कासेगाव. सांगायचे वाक्य मनात केव्हाच तयार झाले होते. दर गावाला तो त्यातला एखादा शब्द बदलत राहिला. मुठीतल्या लाडवाचा गूळ पाझरून बोटांना चिकटला.

मलकापूरला ती उतरली. गाडीच्या कडेने चालत ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. नाथाजी अजितकुमारच्या अंगावरून वाकला. दोघांच्या मध्ये अजितकुमारचा चेहरा होता. तो कुठे न्यावा, हे त्याला कळेना.

"जपून ऱ्हावा," ती म्हणाली.

"व्हय. तू बी."

तिला आणखी काही सांगायचे होते. तिने ओठ उघडले, अजितकुमारकडे पाहिले आणि पदर पुढे ओढला. कंडक्टरने घंटी दिली.

ती दिसेनाशी झाल्यावर अजितकुमार उभा राहिला. "तुम्ही बसा खिडकीपाशी."

"आता कशाला?" नाथाजी म्हणाला. आवाजात कुठेही टोचणी नव्हती. "बसा निवांत. तुमास्नी खिडकी लागती न्हवं?"

त्याने रुमालाची घडी मोडून तोंड पुसले आणि तो मांडीवर पसरला. रुमाल मोठा होता. नाथाजीचे दोन्ही गुडघे झाकून त्याचे टोक अजितकुमारच्या धोतरापर्यंत आले, आणि मधोमध घडीची रेघ अजून तशीच होती. अजितकुमार त्या रेघेकडे पाहत राहिला.

सकाळी तो दोन्ही जागांवर पसरलेला होता.